एकालाच परवानगी

मुंगीने मला विचारलं तेव्हा मी स्वयंपाकघरात स्टुलावर चढून एक्झॉस्ट फॅनची जाळी काढत होतो आणि दातांत दोन स्क्रू धरले होते. एखाद्याला महत्त्वाचं काही विचारायचं असेल तर निदान त्याचं तोंड रिकामं आहे का बघावं. पण या पोरीला तेवढा धीर असता तर काय हवं होतं.

"ऐकताय ना?" ती खालून म्हणाली.

"ऐकताय ना" हेच या घरातलं माझं नाव आहे. तिच्या आईशी लग्न करून मी इथे राहायला आलो त्याला दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत तिने मला कशानेही हाक मारलेली नाही. बाबा म्हणायचा प्रश्नच नव्हता. बाबा आहेत तिला, चांगले धडधाकट, पलीकडच्या रस्त्यावर बेकरीत काम करतात, आणि त्यांच्या जागेवर माझा डोळाही नाही. काका म्हण, असं तिच्या आईने सुचवून पाहिलं होतं. मुलीने शहाण्यासारखी मान डोलावली आणि पुढे काहीच म्हटलं नाही. मी दुसऱ्या खोलीत असलो तर ती उठते, चालत माझ्यासमोर येऊन उभी राहते, जरा खाकरते आणि मग "ऐकताय ना" म्हणून सुरू करते. एक हाक टाळायला एवढी पायपीट करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मुंगी हे तिचं लाडाचं नाव. लहानपणी जिथे जाईल तिथून फ्रॉकच्या खिशात काहीतरी भरून आणायची, म्हणून पडलं. आता ती आईपेक्षा उंच झाली आहे, हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षात गेली आहे, पण नाव काही सुटलेलं नाही.

"गुरुवारी संध्याकाळी वेळ आहे का तुम्हाला?" ती म्हणाली. "शाळेत नवीन वर्षाचं स्वागत असतं. घरच्यांना बोलावतात."

"हं," मी स्क्रूंमधून म्हणालो.

"एकालाच परवानगी आहे. म्हणून तुम्हाला विचारतेय. आणि आईला सांगू नका. कुणालाच सांगू नका."

स्क्रू गिळला नाही हे नशीब. मी स्टुलावरून खाली उतरलो, दोन्ही स्क्रू काढून खिशात टाकले आणि म्हणालो, येतो ना, न यायला काय झालं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. तिथे काय करायचं असतं म्हणून विचारलं, तर तिने सांगितलं की त्या दिवशी मुलं यजमान असतात. घरच्यांनी मुलांच्या बाकांवर बसायचं. मग एकेकाने फळ्यापाशी येऊन आपल्या माणसाची ओळख करून द्यायची, हे माझे अमुक, हे तमुक काम करतात, आणि त्या माणसाने उभं राहायचं. बस, एवढंच.

एवढंच म्हणून ती निघून गेली आणि मी जाळी हातात धरून तिथेच उभा राहिलो. हे माझे अमुक. त्या अमुकच्या जागी ही काय म्हणणार होती? "ऐकताय ना" तर म्हणता येणार नाही वर्गासमोर. काहीतरी म्हणावंच लागणार होतं. आई सोडून, बाबा सोडून, तिने मला बोलावलं होतं. दोन वर्षं मी कुणाला जाणवू न देता ज्याची वाट बघत होतो ते गुरुवारी संध्याकाळी फळ्यापाशी होणार होतं. मला इतका आनंद झाला की फॅन मी उलटा बसवला. तो त्या दिवशी बाहेरची हवा आत ओढत बसला.

मी लिफ्टचा मेकॅनिक आहे. आमच्या कामात संध्याकाळी कुठेतरी कुणीतरी अडकतंच, म्हणून गुरुवारची पाळी मी कामावरच्या जोडीदाराच्या गळ्यात मारली. कारण विचारलं तर दाढ दुखतेय म्हटलं. गुरुवारी सकाळी बायकोला सांगितलं की मोठ्या ऑफिसातली लिफ्ट बंद पडलीय, उशीर होईल. ती नर्स आहे. ती म्हणाली, "बरं झालं, मलाही आज जादा पाळी आहे." एकमेकांकडे न बघता आम्ही चहा संपवला. तिची पाळी खोटी आहे हे मला तेव्हा कळायला हवं होतं, कारण जादा पाळीच्या दिवशी ती कधीही गप्प नसते, आधी हॉस्पिटलचा उद्धार करते. पण मी स्वतःच्या थापेत इतका गुंग होतो की तिच्या थापेकडे लक्षच गेलं नाही.

शाळेत शिरलो आणि गोंधळायला सुरुवात झाली. शाळा बांधणाऱ्याला जिने फार आवडत असावेत. एक जिना वर जाऊन परत खाली उतरत होता, का ते त्यालाच ठाऊक. भिंतींवर मुलांनी रंगीत बाण चिकटवले होते, पण कुठल्या वर्गाला कुठला रंग हे सांगणारा कागद बहुधा कुठेतरी गळून पडला होता. मी निळ्या बाणांमागे गेलो तर व्यायामशाळेत पोचलो. हिरव्यांमागे गेलो तर परत व्यायामशाळेतच पोचलो, फक्त दुसऱ्या दाराने. तिथे माझ्यासारखीच हरवलेली चार-पाच जोडपी उभी होती आणि नवरे बायकांना सांगत होते की मी म्हटलं नव्हतं का. शेवटी बाणांचा नाद सोडला आणि दारावरच्या पाट्या वाचत एकेक वर्ग शोधत गेलो.

मुंगीचा वर्ग वरच्या मजल्यावर शेवटी सापडला. खिडकीकडच्या रांगेत तिच्या नावाची चिठ्ठी लावलेला बाक होता. दोघांचा बाक, पण दोन पोरांचा, मोठ्या माणसांचा नव्हे. गुडघे आडवे करून मी त्यात कसाबसा बसलो. मुंगी दिसली नाही. मुलं सगळी बाहेर जमून मग एकदम आत येत असतील, असा मी अंदाज केला. आजूबाजूला आईवडील बसत होते, एकमेकांकडे बघून हसत होते. मीही हसत होतो. आपण कुणाचे तरी आहोत असं बसल्या जागी वाटणं किती सुखाचं असतं ते मी त्या पाच मिनिटांत पुरेपूर भोगून घेतलं.

मग दारातून बेकरीवाले आत आले.

बेकरीवाले म्हणजे मुंगीचे वडील. मी त्यांना बेकरीवाले म्हणतो, ते मला लिफ्टवाले म्हणतात, आणि या व्यवस्थेवर दोघेही खूश आहोत. एरवी या वेळेला ते झोपलेले असतात, कारण त्यांचं काम जग झोपल्यावर सुरू होतं. आज त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कानामागे मात्र पीठ तसंच होतं. ते चिठ्ठ्या वाचत वाचत माझ्या बाकापाशी आले आणि थांबले.

"लिफ्टवाले," ते म्हणाले, "शाळेची लिफ्ट बिघडलीय का?"

"शाळेला लिफ्ट नाहीये."

"मग तुम्ही इथे कसे?"

"मला बोलावलंय."

"कुणी?"

"मुंगीने."

त्यांनी चिठ्ठी परत वाचली. "काहीतरी घोटाळा होतोय तुमचा. मुंगीने मला बोलावलंय. एकालाच परवानगी आहे. कुणाला सांगू नका म्हणाली."

एकालाच परवानगी, हे शब्द माझे होते. तीन-चार दिवस मी ते जिवापाड सांभाळले होते, आणि आता ते दुसऱ्याच्या तोंडून, कानामागे पीठ लावून, माझ्यासमोर उभे होते. वाईट वाटलं मला. उगाच मोठेपणा कशाला दाखवू? बाप तो बाप, मुलीने त्यालाच बोलावलं असणार, मी बहुधा बाप झोपून राहिला तर म्हणून होतो. पण मग त्यांना मी येतोय हे का नाही सांगितलं? आणि ते येतायत हे मला? मला काही सुधरेना. त्यांनाही सुधरत नसावं, कारण ते बसावं की जावं हे न ठरवता बाकाला टेकून उभे राहिले.

"तुम्ही दोघं इथे काय करताय?" मागून आवाज आला.

हा आवाज चौकात चारी बाजूंच्या गाड्या थांबवतो. मुंगीची आत्या, म्हणजे बेकरीवाल्यांची थोरली बहीण, ट्रॅफिक पोलिसात आहे. ती गणवेशातच आली होती, खांद्याला शिट्टी लटकत होती. तिला बघून पलीकडच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी उगाचच आपले पाय आत ओढून घेतले.

"ताई, तू?" बेकरीवाले म्हणाले.

"मीच. मला बोलावलंय मुंगीने. म्हणाली, आत्या, एकालाच परवानगी आहे आणि मला तूच हवीस. बाबांना सांगू नकोस, त्यांची झोप मोडते. म्हणून चौक दुसऱ्याच्या ताब्यात देऊन आलेय मी. तुम्ही का उभे आहात इथे, आधी सांगा."

आम्ही सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिच्या भुवया वर वर जात राहिल्या. तिने बाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं. कुणाची गाडी उचलायची हे तिला ठरवता येत नव्हतं.

आणि मग, आता सांगायलाही नको, माझी बायको आली. नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत, हातात पर्स, केस नुकते विंचरलेले. आम्हा तिघांना पाहून ती दारातच थबकली. तिचं पहिलं वाक्य मला होतं.

"ऑफिसातली लिफ्ट?"

"जादा पाळी?" मी म्हणालो.

तो विषय तिथेच मिटला. ती बाकावर बसली, आत्या तिच्या शेजारी बसली, आणि आम्ही दोघं पुरुष मागे भिंतीला चिकटून उभे राहिलो. सगळा वर्ग आमच्याकडे चोरून बघत होता. एका मुलीसाठी एक नर्स, एक पोलीस, एक बेकरीवाला आणि एक मेकॅनिक. मुलीने काय करून ठेवलंय असं लोकांना वाटलं असेल तर मी त्यांना दोष देणार नाही.

"हिने सगळ्यांना एकच सांगितलंय," बायको कुजबुजली. "का?"

कुणालाच माहीत नव्हतं, पण गप्प बसेल तर ते आमचं घर कसलं. आत्याचं म्हणणं पडलं की पोरीने काहीतरी पराक्रम केला असणार आणि आता चौघांसमोर एकदम कबूल करणार. बेकरीवाल्यांना वाटलं की ती आमची परीक्षा घेतेय, कोण किती गुपित ठेवतं ते बघतेय. बायको म्हणाली, "ती राहायला दुसरीकडे जाणार असेल. ते सांगायला बोलावलं असेल." हे म्हणताना तिने कुणाकडेच बघितलं नाही. दुसरीकडे म्हणजे बापाकडे, आणि बापाकडे का, तर घरात मी आहे म्हणून. माझी ओळख करून देण्यापेक्षा घर बदललेलं सोपं, असं तिला वाटलं असेल का? मी बेकरीवाल्यांकडे बघितलं. त्यांचा चेहरा माझ्याइतकाच कोरा होता, तेवढ्याने मला थोडं बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

"पण ती आहे कुठे?" आत्या म्हणाली.

"तुझ्याबरोबर येईल असं वाटलं मला," बायको म्हणाली.

"मला वाटलं तुझ्याबरोबर येईल."

आम्हा दोघांना काय वाटलं ते कुणी विचारलं नाही.

इतक्यात वर्गशिक्षिका आत आल्या, मागून मुलं आली आणि फळ्यापाशी ओळीत उभी राहिली. मी ओळ एकदा बघितली, परत उलट्या बाजूने बघितली. मुंगी त्यात नव्हती. शिक्षिकेने सगळ्यांचं स्वागत केलं, वर्ष कसं असेल ते थोडक्यात सांगितलं, आणि मग एकेक मूल पुढे येऊ लागलं. ही माझी आई, ही रंगाच्या दुकानात काम करते. हे माझे आजोबा, हे आता काहीच करत नाहीत आणि त्यांना ते फार आवडतं. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. आम्ही चौघं दाराकडे बघत होतो. ओळ संपत आली तरी दारातून कुणी आलं नाही.

मुलं ओळखी करून देत असतानाच शिक्षिका बाकांमधून फिरत आमच्यापर्यंत आल्या. त्यांनी चिठ्ठी बघितली, आम्हाला बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"सगळे या एकाच बाकाचे?" त्यांनी हळूच विचारलं. "बरं वाटलं बघून. गेल्या वर्षी आख्ख्या वर्गात हा एकच बाक रिकामा होता."

त्या चांगल्या मनाने बोलल्या, यात शंका नाही.

"गेल्या वर्षी?" बायको म्हणाली. मग मान वळवून तिने मला विचारलं, "गेल्या वर्षी तू गेला होतास ना?"

"मी? बेकरीवाले गेले होते. त्यांचा अंगठा होता."

हे अंगठ्याचं सांगावं लागेल. आम्ही चौघंही पाळ्यांवर काम करणारी माणसं. कधी कोण मोकळं असेल याचा भरवसा नाही, म्हणून फोनवर आमचा चौघांचा एक ग्रुप आहे. मुंगीचं काही असलं की कुणीतरी विचारतं, कोण जातंय? मग ज्याला जमेल तो अंगठ्याचं चित्र टाकतो. पद्धत उत्तम आहे, दातांच्या डॉक्टरपासून बुटांच्या खरेदीपर्यंत सगळं तिच्यावर चालतं. आम्हाला तिचा अभिमानच आहे.

"माझा अंगठा म्हणजे निरोप कळला असा होता," बेकरीवाले म्हणाले. "मला वाटलं ताई जातेय."

"मी अंगठा तुझ्या अंगठ्याला दिला होता," आत्या म्हणाली. "म्हटलं, शाब्बास, भाऊ उठून जातोय."

"मी तुम्हा दोघांचे बघून टाकला," मी म्हणालो. "ठरलंय असं वाटलं."

बायकोने पर्स उघडली आणि काही न काढता बंद केली. "मी कामावर होते," ती म्हणाली. "तिघांचे अंगठे बघितले आणि निर्धास्त झाले. मग मीही एक टाकला."

चार अंगठे पडले होते आणि गेलं कुणीच नव्हतं. आणि वर्षभर आमच्यातल्या प्रत्येकाला खात्री होती की दुसरं कुणीतरी जाऊन आलंय.

"त्या दिवशी घरी येऊन ती काय म्हणाली होती?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

"मी विचारलं, कसं झालं," बायको म्हणाली. "तर म्हणाली, छान झालं."

"मला फोनवर म्हणाली, छान झालं."

"मलाही," आत्या म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चौकातला नव्हता.

मला काय म्हणाली होती ते मी आठवायचा प्रयत्न केला. मी विचारलंच नव्हतं. माझा अधिकार नाही असं वाटून मी बऱ्याच गोष्टी विचारत नसे, आणि त्याला मी समजूतदारपणा म्हणत असे.

शिक्षिका अजून उभ्याच होत्या. आपण काहीतरी नको ते बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. "ती मागच्या गेटवर असेल," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांना पाणी द्यायला, वाट दाखवायला. ते काम आम्ही, म्हणजे, ज्या मुलांकडचं कुणी येणार नसतं ना, त्यांना देतो. नुसतं बसून राहायला नको म्हणून. यंदा मी तिला म्हटलं होतं, तू वर्गात थांब, येईल कुणीतरी. तर म्हणाली, नको मॅडम, मला गेटच द्या."

बायकोने आमच्याकडे बघितलं. "कोण जातंय?" ती म्हणाली. आणि हे शब्द तोंडातून निघाल्याबरोबर तिने ओठ घट्ट मिटले.

या खेपेला चौघंही एकदम निघालो. बाक आडवा झाला, फळ्यापाशी बोलत असलेला मुलगा वाक्य अर्धवट सोडून थांबला. मी बाक सरळ करायला वळलो तर बायकोने दंडाला धरून ओढलं. शिक्षिकांनी स्वतःच तो उचलला.

व्हरांड्यात उशिरा आलेले लोक समोरून येत होते, तेही बाणांच्या मागे. आत्याने हात वर केला आणि ते सगळे भिंतीला लागून उभे राहिले. आम्ही तिच्या मागून गेलो. मागचं गेट कुठे हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं, त्यामुळे आधी आम्ही पुन्हा एकदा व्यायामशाळेत पोचलो. तिथून एका सफाईवाल्याने हाताने दिशा दाखवली. सायकली ठेवतात त्या छपराखालून, नळांच्या ओळीजवळून, शेवटी आम्ही त्या गेटापाशी आलो.

गेटाच्या आत एक टेबल मांडलं होतं. त्यावर पाण्याचे ग्लास होते आणि मागे दोन मुली. एक बुटकी, चष्मेवाली, कंटाळून टेबलाला टेकलेली. दुसरी मुंगी. छातीवर फितीचं फूल लावलं होतं. दोन्ही हातांनी पाण्याचा जड जग धरून ती ग्लास भरत होती, आणि पाणी सांडू नये म्हणून तिची नजर ग्लासावर होती. पावलं वाजली तशी ती मान वर न करता, पाठ केल्यासारखं म्हणाली, "नमस्कार. शाळेत आपलं स्वागत आहे. आपण कोणाचे पालक?"

मला वाटलं, बायको बोलेल. तिचाच हक्क होता. पण ती नुसती मुलीकडे बघत होती. बेकरीवाले तिच्याकडे बघत होते, आधी आईने बोलावं म्हणून. आत्या भावाकडे बघत होती. आणि मी त्या तिघांकडे बघत होतो. पुन्हा तेच. आम्ही चार माणसं, प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघत, आणि समोर ती ग्लास भरतेय. एक भरला, दुसरा घेतला. तिला सवय असावी, लोक वर्ग आठवायला वेळ घेतात.

बोलायचा सगळ्यात कमी अधिकार माझा होता, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण लिफ्टमध्ये कुणी अडकलं आणि आतून हाक आली की आधी ओ द्यायची, एवढं मी वीस वर्षं करत आलोय. दार नंतर उघडता येतं. अधिकार-बिधिकार कुणी विचारत नाही तिथे.

"तुझे," मी म्हणालो.

जग थांबला नाही. ग्लास भरला, वरून वाहायला लागला, पाणी टेबलावरून तिच्या बुटांवर गेलं. मग तिने वर बघितलं. आधी मला, मग आईला, मग बाबांना, मग आत्याला. मग परत मला. चष्मेवालीने तिच्या हातातून जग काढून घेतला.

"सगळे?" मुंगी म्हणाली. "सगळे कसे काय?"

"आम्हालाही तेच कळत नाहीये," आत्या म्हणाली. "एकालाच परवानगी होती ना?"

"तसं काही नसतं. कितीही आले तरी चालतं." ती ओल्या बुटांकडे बघत बोलत होती. "पण तसं सांगितलं नसतं तर प्रत्येकाला वाटलं असतं दुसरं कुणीतरी जातंय. म्हणून मी एकेकाला वेगळं सांगितलं. चौघांना सांगितलं म्हणजे एखादं तरी येईल."

"अगं, मग वर्गात येऊन बघायचंस तरी," बेकरीवाले म्हणाले. "आम्ही तिथेच होतो केव्हाचे."

"दोनदा जिन्यापर्यंत गेले होते." तिचा आवाज बारीक झाला. "बाक रिकामा दिसला असता तर?"

बायकोने पुढे होऊन तिला जवळ घेतलं. फितीचं फूल चुरगळलं. बेकरीवाले खिशात रुमाल शोधायला लागले आणि तो सापडला तेव्हा त्यातून पीठच उडालं. आत्या गेटाकडे तोंड करून उभी राहिली आणि बाहेरच्या रस्त्यावरच्या वाहतुकीकडे नको इतकं लक्ष देऊ लागली. मी काय करावं मला समजेना. जवळ जावं तर हक्काचे तिघं होते, दूर जावं तर आत्ताच तर मी ते बोलून बसलो होतो. मी टेबलावरचं पाणी पुसायला घेतलं.

थोड्या वेळाने मुंगी आईच्या खांद्यावरून बाजूला झाली. तिने नाक पुसलं, चुरगळलेलं फूल काढून टेबलावर ठेवलं आणि चष्मेवालीला म्हणाली, "मी जाते आत. माझ्या घरचे आलेत."

चष्मेवाली आमच्याकडे बघत होती. तिच्याकडचं कुणी येणार नव्हतं, नाहीतर ती तिथे नसती. तिने अगदी मनापासून विचारलं, "कोण कोण आहेत?"

"ही आई," मुंगी बोट करत म्हणाली. "हे बाबा. ही आत्या."

बोट माझ्यापाशी आलं आणि थांबलं. माझ्या हातात ओलं फडकं होतं. मी सवयीने एक पाऊल बाजूला सरकलो, म्हणजे तिला अवघड जाऊ नये. बोट माझ्यामागोमाग सरकलं.

"आणि हे," ती म्हणाली. पुढे ती काहीतरी शोधत राहिली, मला दिसत होतं ते. मग तिने शोधायचं सोडून दिलं. "ते आत्ता काय म्हणाले, ऐकलंस ना तू?"

"ऐकलं," चष्मेवाली म्हणाली.